मान वळवण्याची रीत

१

दर सोमवारी साडेनऊला ती बदलांची यादी छापायला लावायची. बारा वर्षांत हा नेम एकदाच मोडता मोडता राहिला होता, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा. पण त्या दिवशीही तिने लिफ्टमधूनच फोन केला, आणि तिची सुटका करायला आलेल्या माणसाच्या हातात यादी होती. ऑफिसात तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे चाळणी. बाकीचं सगळं खाली जाऊ देते, खडा तेवढा वर धरून ठेवते, म्हणून चाळणी. हे नाव तिच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलंही होतं.

कंपनीच्या तळघरात, गार खोलीत, कपाटाएवढाले कॉम्प्युटर होते, आणि त्या एकेकाच्या पोटात वीस-पंचवीस कॉम्प्युटर मांडलेले होते. हे पोटातले कॉम्प्युटर दिसत नाहीत, त्यांच्यावर धूळ बसत नाही, चिडून त्यांना लाथ मारता येत नाही. तरी एकावर गोदामाचा साठा चालतो, दुसऱ्यावर रजेचे अर्ज, तिसऱ्यावर अख्ख्या कंपनीची पत्रं. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कुणी त्यांची मेमरी वाढवतं, कुणी जागा, कुणी कुणाला आत यायची परवानगी देतं. हा बदल कोणी केला, कधी केला आणि कशासाठी केला, हे तपासणं तिचं काम.

बदल एकट्याने करायचा नाही, हा पहिला नियम. त्यासाठी तिसऱ्या मजल्यावर एक लहानशी खोली होती, तिला सगळे बदलखोली म्हणत. आत एक टेबल, एक स्क्रीन, दोन कीबोर्ड आणि दोन खुर्च्या. डावीकडे बदल करणारा बसतो, उजवीकडे साक्षीदार. साक्षीदाराने मंजुरीचा कागद मोठ्याने वाचायचा, करणाऱ्याने त्याबरहुकूम टाइप करायचं. शेवटी आधी करणाऱ्याचा पासवर्ड, मग साक्षीदाराचा. दोन्ही पडले की बदल लागू.

त्या सोमवारी यादीत सदतीस ओळी होत्या. छत्तीस तिने दूध पिताना मांजर डोळे मिटतं तशा सुखाने तपासल्या. एकविसाव्या ओळीपाशी मात्र तिची पेन्सिल थांबली होती, ती तिथे परत आली. मंगळवार, सकाळी अकरा वीस. गोदामाच्या मशीनची मेमरी दुप्पट. करणारा: क्रमांक चार. साक्षीदार: क्रमांक एकोणीस.

विभागात माणसं अठरा होती.

२

एकोणीस हा आकडा चुकून पडला असेल म्हणून तिने खात्यांची वही काढली. वही म्हणजे स्क्रीनवरचीच, पण ती तिला वहीच म्हणायची. एक ते अठरा नावं जागच्या जागी होती. खाली एकोणिसावी ओळ होती. नाव: रिकामं. खातं उघडल्याची तारीख: रिकामी. खातं कोणी उघडलं या चौकटीत मात्र आकडा होता. एकोणीस.

"म्हणजे स्वतःच स्वतःला जन्म दिला," ती पुटपुटली आणि शेजारच्या टेबलावर कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं.

मग तिने मागच्या याद्या काढल्या. एकोणीस गेल्या नऊ आठवड्यांत आठ वेळा येऊन गेला होता आणि तो तिच्या नजरेतून आठही वेळा निसटला होता, कारण यादी तपासताना ती चौकट भरलेली आहे का एवढंच पाहायची. पाच वेळा करणारा क्रमांक चार होता, तीन वेळा क्रमांक अकरा. तिला स्वतःची लाज वाटली. नऊ आठवडे मागे गेल्यावर एकोणीस नाहीसा झाला, पण त्याच्याही मागे, एकाच आठवड्यात, तीन ओळी अशा होत्या की साक्षीदाराची चौकट मोकळीच होती.

त्या तीन ओळी तिला पाठ होत्या. त्या वेणीवालीच्या होत्या. विभागातली सगळ्यात धाकटी मुलगी, पाठीवर ही एवढी लांब वेणी, कामाला चोख. साक्षीदाराशिवाय तीन बदल केले म्हणून तिच्यावर ठपका आला, तेव्हा ती रडत म्हणाली होती, "मॅडम, शप्पथ, कुणीतरी होतं शेजारी. कागद वाचून दाखवला. कोण ते आठवत नाही." चाळणीने अहवालात लिहिलं: विधान विश्वासार्ह नाही. मुलीला काढलं. त्याच अहवालात चाळणीने एक शिफारसही केली होती, की साक्षीदाराची चौकट यापुढे रिकामी राहता कामा नये, रिकामी असेल तर मशीनने बदल नाकारावा. शिफारस लगेच अमलात आली.

त्यानंतर सहाव्या दिवशी एकोणीस पहिल्यांदा दिसला. तिने दोन्ही तारखांखाली पेन्सिलीने रेघ मारली, आणि तिला उगाचच असं वाटलं की कुणाकडे तरी क्रमांक नव्हता आणि तो घ्यायला आपणच भाग पाडलं.

"काहीतरीच," ती स्वतःला म्हणाली. कुणीतरी लबाडी करत होतं, आणि लबाडी करणाऱ्याला नाव असतं.

यादीत आणखी एक रकाना असतो, तो सहसा कुणी पाहत नाही. पासवर्ड टाकायला किती वेळ लागला त्याचा. माणसाला तीन सेकंद लागतात, फार तर पाच. एकोणीसला पहिल्यांदा तीन लागले होते. मग सात. मग वीस, मग अठ्ठेचाळीस. गेल्या मंगळवारी दोन मिनिटं दहा सेकंद.

३

क्रमांक चार म्हणजे गुरुजी. ते काही शिक्षक नव्हते, पण विभागातल्या प्रत्येकाला कामाला त्यांनी लावलं होतं, म्हणून गुरुजी. चाळणी चोवीस वर्षांची असताना पहिल्या दिवशी याच माणसाने तिला बदलखोलीत बसवलं होतं. आता निवृत्तीला त्यांचे अकरा महिने उरले होते. त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे तिच्या जिवावर आलं होतं, पण तिने तो घेतला. संशय घेताना माणूस पाहायचा नाही, हेही त्यांनीच शिकवलं होतं.

ती त्यांच्या टेबलापाशी गेली तेव्हा ते मानेला मलम चोळत होते.

"एसीचा झोत," ते म्हणाले. "पंधरा दिवस झाले, मान डावीकडे वळली की तिथंच राहते. बस गं. चहा सांगू?"

"नको. गुरुजी, मंगळवारी अकरा वीसला तुमच्या शेजारी कोण होतं?"

"गोदामाच्या बदलाला? होतं की कोणीतरी."

"कोण?"

आठवणारा माणूस वर बघतो, तसं गुरुजींनी वर पाहिलं नाही. ते उजवीकडे पाहू लागले, जणू तो माणूस अजून तिथेच बसलेला असेल.

"मी गेलो तेव्हा बसलेलंच होतं," ते सावकाश म्हणाले. "कागद वाचला. नीट वाचला हं, एकेक ओळ. मी पासवर्ड टाकला. मग त्याने टाकायला घेतला तशी मी मान वळवली. आणि मग... फार वेळ लावला गं त्याने. मला वाटलं, नवीन दिसतंय कुणीतरी, एक बोटाने टाइप करतंय. मी काही बोललो नाही. बरं नाही दिसत."

"त्याने, की तिने?"

गुरुजींनी मलमाचं बोट रुमालाला पुसलं.

"आवाज कसा होता वाचताना?"

"वाचल्यासारखा," ते म्हणाले. मग मलमाची डबी बंद करून ते एकदम हळू आवाजात बोलले. "तुला एक सांगू? हसू नकोस. टाइप केल्याचा आवाज येत होता, टक टक, पण समोरच्या कीबोर्डातून नाही. इथून." आणि त्यांनी स्वतःच्या मानेमागे, कानाच्या जरा खाली, बोट ठेवलं.

ती हसली नाही. तिने टिपणवहीत लिहून घेतलं: उत्तर गोलमोल. साक्षीदाराचं वर्णन देता येत नाही. आणि जाता जाता क्रमांक अकराच्या टेबलाशी थांबली.

क्रमांक अकरा म्हणजे कवी. बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत तो यमक जुळवायचा, म्हणून तिने त्याला दोनदा लेखी समज दिली होती. त्याच्या गळ्यात पांढरा पट्टा होता, डॉक्टर मानेला बांधतात तसा.

"झोपेत अवघडली, मॅडम," तो म्हणाला. "डावीकडे झोपलो, डावीकडेच राहिली."

"गेल्या महिन्यात तीन बदलांना तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

"गुरुजी असतील."

"गुरुजी त्या तिन्ही दिवशी रजेवर होते."

कवीच्या चेहऱ्यावरचं हसू काही लगेच गेलं नाही, पण त्याच्या आतलं काहीतरी गेलं. "मग कोण होतं?" त्याने तिलाच विचारलं.

४

"यात न कळण्यासारखं काय आहे?" साहेब म्हणाले. ते विभागप्रमुख होते आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीला त्यांच्याकडे दोन वाक्यांत उत्तर असायचं. "म्हाताऱ्याला दर वेळी साक्षीदार शोधत फिरायचा कंटाळा आला. त्याने एक खोटं खातं उघडलं, इकडचा पासवर्ड टाकला, खुर्ची बदलली, तिकडचा टाकला. कवीला पण तोच शहाणपणा शिकवला."

हे तिलाही सुचलं होतं. रीतसर, समजण्याजोगं, आणि सिद्ध करायला सोपं. तिला साहेबांचाही थोडा संशय आला, कारण ते इतक्या लवकर समाधानी झाले होते. पण साहेब प्रत्येक वेळी लवकरच समाधानी व्हायचे.

"मग दोन मिनिटं दहा सेकंद कशाला?" तिने विचारलं.

"विसरला असेल पासवर्ड. वय झालंय." साहेबांनी अहवालाचा कोरा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. "शुक्रवारी सकाळी दहापर्यंत सही करून द्या. मागच्या मुलीला काढलं, याला सोडलं, असं चालणार नाही. पासवर्डाचं काम करणाऱ्याने असला प्रकार केला की त्याला पुन्हा कुठं कुणी उभं करत नाही, हे मलाही कळतं. पण तेवीस वर्षांच्या पोरीला एक न्याय आणि याला दुसरा?"

वेणीवालीचं नाव निघालं तशी ती खाली पाहू लागली. फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न होता, तो तिने शेकडो वेळा न वाचता भरला होता. साक्षीदार प्रत्यक्ष हजर असल्याची खात्री केली का? हो. नाही. 'नाही'वर खूण केली की गुरुजी संपले. 'हो' म्हणायचं तर कुणीतरी त्याला पाहिलेलं असायला हवं.

"बदलखोलीत कॅमेरा असता तर," साहेब म्हणाले, "प्रश्नच नव्हता."

कॅमेरा होता. कॅमेऱ्यात पासवर्ड दिसतात म्हणून सहा वर्षांपूर्वी तो तिच्याच शिफारशीने काढला होता.

५

घरी दाराला आकड्यांचं कुलूप होतं. दोघं बाजारातून एकदमच आली, तिने पिशवी खाली ठेवली आणि आकडे दाबायला घेतले. तिचा नवरा, चित्रकलेचा शिक्षक, सवयीने जिन्याकडे तोंड करून उभा राहिला. लग्नाला दहा वर्षं झाली होती, कुलपाचा आकडा त्यालाही माहीत होता, तरी तो वळायचाच. तिनेच त्याला ही सवय लावली होती.

"झालं का गं? का मी इथंच म्हातारा होऊ?"

जेवताना तिने त्याला सगळं सांगितलं. तो ऐकताना कागदाच्या कपट्यावर काहीतरी रेखाटत असायचा, तसंच करत होता.

"तुझी मशिनं दिसत नाहीत, ती तू तपासतेस," तो म्हणाला. "आता न दिसणारी माणसंही तुझ्याकडे आली म्हणायची. बढती झाली तुझी."

"थट्टा नको."

"बरं, थट्टा नाही. त्याचा चेहरा कसा होता सांग, मी काढून देतो. भिंतीवर लाव."

"कुणी पाहिलाच नाही."

"शेजारी बसलेल्या माणसाचा चेहरा पाहत नाही कुणी? इतकी वाईट माणसं आहेत तुमच्यात?"

"वाईट कसली? उलट," ती म्हणाली. "आत गेलं की समोर स्क्रीन असते, सगळं लक्ष तिकडं. मग त्याचा पासवर्ड सुरू झाला की मान वळवतात सगळे. गुरुजींनी शिकवलंय. कपडे बदलणारा माणूस आणि पासवर्ड टाकणारा माणूस, दोघांकडे पाहायचं नाही. शेवटची कळ जोरात दाबली की मग बघायचं. म्हणून आम्ही ती मुद्दाम जोरात दाबतो, खट्. तोवर..."

ती बोलता बोलता थांबली. नवऱ्याची पेन्सिलही थांबली.

"तोवर काय?" त्याने विचारलं.

तोवर कुणी बघत नाही. अठराही माणसं, वर्षानुवर्षं, दिवसातून कितीतरी वेळा, अशी ठरलेली वेळ पाळतात जेव्हा शेजारच्या खुर्चीकडे कुणी म्हणजे कुणी बघत नाही. आधी तीन सेकंद होती ती वेळ. आता दोन मिनिटं.

"तू नको जाऊस त्या खोलीत," नवरा म्हणाला. तो सहसा असं सांगत नसे.

"मग गुरुजींचं काय?"

त्याने कपटा उलटा करून ठेवला. भांडी आवरताना तिने तो पाहिला. एक खुर्ची काढली होती, आणि त्या खुर्चीवर पाठमोरं डोकं. बाकी कागद कोरा होता.

"पाठमोरं का काढलंस?"

"चेहरा तू सांगितला नाहीस ना," तो म्हणाला.

६

तिची योजना साधी होती. एक जादाचं, कुणाच्या कामाचं नसलेलं मशीन घ्यायचं. त्याची मेमरी वाढवायचा रीतसर अर्ज, रीतसर मंजुरी. स्वतःला एका दिवसापुरता करणाऱ्याचा अधिकार साहेबांकडून घ्यायचा. खोलीत एकटीने बसायचं. गुरुजींना दाराबाहेर उभं करायचं, दोन्ही हात दिसतील असं. ही गुरुजींची लबाडी असेल तर दुसरा पासवर्ड पडणारच नाही, आणि मग तिला 'नाही'वर खूण केल्यावर निदान झोप तरी उडणार नाही. आणि दुसरा पासवर्ड सुरू झालाच, तर ती एकच गोष्ट करणार होती, जी तिथे आजवर कुणी केली नव्हती. ती मान वळवणार नव्हती.

गुरुवारी सकाळी अकराला ती गुरुजींना घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली. चांगलं लख्ख ऊन होतं, पलीकडे कुणीतरी फोनवर मोठमोठ्याने हसत होतं. कॉफीच्या मशीनपाशी दोघं जण कपाच्या झाकणावरून वाद घालत होते.

"गुरुजी, दाराच्या काचेतून आत पाहत राहायचं. माझ्याकडे नाही, उजव्या खुर्चीकडे. काहीही झालं तरी नजर काढायची नाही."

"अगं, पण तू पासवर्ड..."

"मी पासवर्ड टाकत असले तरी. शपथ आहे तुम्हाला माझी."

गुरुजींनी मान हलवली, तेवढ्यानेही त्यांना कळ आली. "माझ्यासाठी करतेस हे," ते म्हणाले. "वेणीवालीसाठी कुणी केलं नाही."

"मी केलं नाही," ती म्हणाली. हे वाक्य नऊ आठवडे तिच्या घशात अडकून होतं. ते बाहेर पडल्यावर तिला बरं वाटलं नाही, पण ते आत राहण्यापेक्षा बरं होतं.

खोलीत कागदाचा आणि उबदार प्लास्टिकचा वास होता. दार तिच्या डाव्या हाताला, उजवी खुर्ची रिकामी, टेबलाखाली सरकवलेली. तिने ती मुद्दाम दोनदा पाहिली, हातही लावून पाहिला. बाहेर काचेत गुरुजींचा चेहरा होता, डोळे मोठे केलेले. तिने त्यांना हात केला, त्यांनीही केला.

ती बसली. मशीन उघडलं. मंजुरीचा कागद तिने उजव्या कीबोर्डावर ठेवला होता. स्क्रीनकडे पाहत तिने पहिली ओळ टाइप केली आणि मग तिच्या लक्षात आलं की ती ओळ तिने कागदावरून वाचली नव्हती. कुणीतरी ती वाचून दाखवत होतं. गुरुजी म्हणाले होते तसाच होता आवाज, वाचल्यासारखा. तो सुरू कधी झाला हे तिला सांगता आलं नसतं. इतकी वर्षं असंच काम केल्यावर शेजारून येणारा वाचण्याचा आवाज पंख्याच्या आवाजासारखा होतो, तो असल्याचं कळत नाही.

तिची बोटं आपोआप चालत राहिली. दुसरी ओळ. तिसरी. आताच बघ, तिचं मन म्हणत होतं, आणि दुसरं मन म्हणत होतं, अजून नाही, पुरावा पक्का हवा, त्याचा पासवर्ड सुरू होऊ दे. बारा वर्षांच्या नोकरीने तिला थांबायला लावलं.

स्क्रीनवर चौकट उघडली. करणाऱ्याने पासवर्ड टाकावा.

ती टाकू लागली. पहिली चार अक्षरं पडली आणि मग तिने, मान न हलवता, फक्त डोळे उजवीकडे नेले.

खुर्ची बाहेर ओढलेली होती. तिच्यावर बसलेल्याचा साधा इस्त्रीचा शर्ट होता. खांदे टेबलाकडे होते, सरळ, नीट. दोन्ही हात कीबोर्डावर ठेवलेले, बोटं तयार, तिच्या संपण्याची वाट पाहत. आणि ती पासवर्ड टाकत होती म्हणून त्याने रीत पाळून मान वळवली होती. फक्त जरा जास्त वळवली होती. छातीच्या वर, जिथे हनुवटी असायला हवी तिथे, नीट विंचरलेले केस होते.

तिची बोटं थांबली नाहीत. थांबायचं नाही एवढं तिला कळलं, बाकी काही कळलं नाही. शेवटची कळ दाबली की शेजारचं ते वळणार. पाचवं, सहावं, सातवं अक्षर. तिचा पासवर्ड बारा अक्षरांचा होता. तो संपला आणि ती पुढे टाइप करत राहिली, जे सुचेल ते, नवऱ्याचं नाव, घराचा आकडा, वेणीवालीचं खरं नाव.

तिने डोळे डावीकडे नेले, दाराच्या काचेकडे. आता फक्त गुरुजींनी पाहायचं होतं. त्यांनी पाहिलं की दोन साक्षी झाल्या, फॉर्मवर 'हो' लिहिता येणार होतं, गुरुजी सुटणार होते, आणि वेणीवालीला पत्र धाडता येणार होतं.

काचेत गुरुजींची पाठ होती. ती पासवर्ड टाकायला लागली तशी चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी मान वळवली होती, आणि मग, आणखी सभ्यपणा म्हणून, ते अख्खेच वळून उभे राहिले होते.

तिला ओरडायचं होतं. पण ती ओरडली तर खुर्चीतलं ते वळून बघेल, कारण एवढा आवाज झाल्यावर कुणीही बघतं. तिने एक अक्षर खोडलं, म्हणजे तिथे नवीन टाकता येईल. खोडण्याच्या कळीचा आवाज जरा वेगळा असतो. विंचरलेले केस हलले, अगदी किंचित, काय झालं म्हणून कान टवकारावा तेवढे. तिने पुन्हा खोडलं नाही.

बाहेर कॉफीच्या मशीनपाशी कुणीतरी हसलं. चौकटीत काळे ठिपके एकामागून एक वाढत होते. चोवीस. पंचवीस. पासवर्ड फार लांब टाकून लोक विसरतात, सबब चौकटीने बत्तीसपेक्षा जास्त अक्षरं घेऊ नयेत, ही शिफारस कोणत्या वर्षीच्या अहवालात होती ते तिला आठवलं, पान क्रमांकासकट, आणि खाली केलेली स्वतःची सहीही.

एकोणतीस. तिने हळूच, एका बोटाने, तिसावं अक्षर शोधायला घेतलं. जितका वेळ लावता येईल तितका ती लावत होती.